ग्वाशाचे साधन कसे निवडावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाशासाठी, म्हणजे तेल लावून गोलसर कडेच्या वस्तूने त्वचा घासण्याच्या चिनी पद्धतीसाठी, कोणते साधन घ्यावे, याविषयी वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची सुरुवात "कोणता दगड चांगला?" येथून होते. आमच्या मते पहिला प्रश्न कडेचा, दुसरा स्वच्छतेचा आणि तिसरा द्रव्याचा, म्हणजे साधन कशाचे बनले आहे याचा, असायला हवा, आणि पुढील उत्तरे त्याच क्रमाने विचार करून लिहिली आहेत.

१. ग्वाशाचे साधन म्हणजे नेमके काय? चेहऱ्यावर फिरवायचा दगड आणि पाठीवर घासायची पट्टी एकच का?

त्वचेवर तेल किंवा बाम लावून, गोलसर कडेच्या वस्तूने एकाच दिशेने बेताचा दाब देत पुनःपुन्हा घासायचे आणि त्वचेवर लालसर ठिपके उमटू द्यायचे, ही ग्वाशाची मूळ चिनी पद्धत आहे. मान, खांदे आणि पाठ या तिच्या नेहमीच्या जागा आहेत. चेहऱ्याची ग्वाशा ही तिची सौम्य शाखा असून तीत दाब अगदी हलका असतो आणि ठिपके उमटणे अजिबात अपेक्षित नसते. त्यामुळे चेहऱ्यासाठी लहान, वळणदार आणि हलकी पट्टी सोयीची पडते, तर पाठीसाठी लांब कडेची आणि मुठीत भक्कम बसणारी पट्टी लागते. चेहऱ्याची पट्टी पाठीवर चालत नाही असे नाही. परंतु तेलकट हातातून ती सहज निसटते आणि दगडाची असेल तर फुटते.

२. मला सुरुवातीला एकच साधन घ्यायचे आहे. कोणते घेऊ?

शिकण्यासाठी काहीच विकत घेऊ नका, असे आमचे पहिले उत्तर आहे. चिनी मातीचा जाड, चकचकीत झिलईचा सूपचा चमचा घरात असेल तर तो पुरेसा आहे, आणि चिनी घरांतही पिढ्यान्‌पिढ्या तोच वापरला गेला आहे (प्रश्न ८ पाहा). हाताला सवय झाल्यावर पाठीसाठी स्टेनलेस स्टीलची किंवा म्हशीच्या शिंगाची पट्टी घ्यावी. स्टील धुवायला सोपे, न फुटणारे आणि वर्षानुवर्षे टिकणारे असते. शिंग हाताला हलके व उबदार लागते, पण त्याची निगा राखावी लागते. दगडाची पट्टी दिसायला सर्वांत सुंदर असते, म्हणूनच ती सर्वाधिक विकली जाते. पहिली खरेदी म्हणून मात्र आम्ही ती सुचवत नाही.

३. चांगली कड कशी ओळखायची? दुकानात सगळ्याच पट्ट्या गुळगुळीत वाटतात.

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण घासताना त्वचेशी संबंध येतो तो केवळ कडेचा. कड पातळ असेल तर तोच दाब अरुंद रेषेवर एकवटतो आणि त्वचा ओरबाडली जाते. कड फार जाड व बोथट असेल तर दाब पसरतो, परिणाम जाणवत नाही आणि मग माणूस नकळत जोर वाढवत जातो. चांगली कड कोठेही कोपरा न लागता दोन्ही बाजूंनी सारखी वळलेली असते, म्हणजे पट्टी त्वचेशी साधारण ४५ अंशांच्या कोनात तिरकी धरून पुढे ओढली, तरी तिची बोचणी लागत नाही.

तपासण्याच्या तीन सोप्या रीती आहेत. पट्टी खिडकीच्या उजेडात धरून हळूहळू फिरवावी. कडेवर चमकणारी प्रकाशाची रेघ अखंड सरकली तर कड सलग आहे, आणि ती कोठे तुटली किंवा थरथरली तर तेथे उंचवटा अथवा खाच आहे. नंतर कापसाचा बोळा संपूर्ण कडेवरून दोन्ही दिशांनी फिरवावा. जेथे कापसाचे तंतू अडकतात तेथे डोळ्यांना न दिसणारा टवका असतो. शेवटी अंगठ्याच्या नखाने कड चाचपावी, विशेषतः साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या आणि ओतीव धातूच्या पट्ट्यांवर, कारण साच्याचे दोन भाग जुळतात तेथे एक बारीक शिवण उरते आणि ती बऱ्याचदा नेमकी कडेवरच येते. ऑनलाइन खरेदीत यांपैकी काहीच करता येत नाही. म्हणून वस्तू परत घेण्याची सोय असेल तरच मागवावी आणि पार्सल उघडल्यावर आधी कापूस फिरवावा.

४. मासा, बदाम, कंगवा, इंग्रजी एस अक्षर असे अनेक आकार मिळतात. ते सगळे लागतात का?

लागत नाहीत. लांब सरळ किंवा किंचित बहिर्वक्र कड पाठीसाठी, अंतर्वक्र कड बोटे, मनगट आणि जबड्याच्या हाडासाठी, गोल टोक एखाद्या बिंदूवर दाबण्यासाठी आणि बोथट दात डोक्याच्या त्वचेसाठी असतात. माशाच्या आकाराच्या पट्टीत यांपैकी तीन गोष्टी एकत्र मिळतात, म्हणून ती उपयुक्त आहे. पाठीच्या कण्याच्या थेट हाडांवर घासायचे नसून दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर घासायचे असते. काही पट्ट्यांच्या मधोमध असलेली खाच कणा मोकळा ठेवून दोन्हीकडचे स्नायू एकदम घासण्यासाठी असते, पण ती प्रत्येक पाठीच्या मापाला बसतेच असे नाही.

अवयवानुसार साधन बदलण्याचा विचार जुना आहे. क्वो चिस्वेई या चिनी वैद्याने १६७५ च्या आपल्या ग्रंथात पाठ, मान, छाती आणि बरगड्यांसाठी तिळाच्या तेलात बुडवलेले तांब्याचे नाणे, कपाळ व मानेच्या मागच्या भागासाठी तेलात भिजवलेला सुती किंवा तागाचा दोरा, आणि पोटाच्या मऊ भागासाठी केवळ हाताने चोळायचे मीठ सांगितले आहे. हाड जवळ असलेल्या जागी कठीण वस्तू, नाजूक जागी लवचीक वस्तू आणि पोटावर कोणतीही कड नको, हा त्यातला विवेक आजच्या बारा आकारांच्या संचांपेक्षा कितीतरी सरस आहे.

५. म्हशीच्या शिंगाची पट्टी पारंपरिक मानतात. ती खरी कशी ओळखायची आणि सांभाळायची कशी?

शिंग हे केस आणि नखांप्रमाणेच केराटिनचे बनलेले असते. खऱ्या शिंगाची पट्टी उजेडासमोर धरली असता तिच्यात असमान रेषा, ढगाळ छटा आणि कडेला थोडा पारदर्शकपणा दिसतो. प्लास्टिकच्या नकलेत रंग एकसारखा असतो किंवा तीच नक्षी प्रत्येक पट्टीवर तंतोतंत येते. तापवलेल्या सुईचे टोक न दिसणाऱ्या जागी टेकवले तर शिंगाला केस जळल्याचा वास येतो आणि प्लास्टिक वितळते. ही परीक्षा वस्तू आपली झाल्यावरच करावी, दुकानदारासमोर नव्हे.

शिंग पाण्यात भिजत ठेवू नये, उकळू नये आणि उन्हात वाळवू नये, कारण ते पाणी शोषून वाकते आणि पुढे त्याचे थर सुटतात. वापरानंतर साबणाच्या पाण्याने पटकन धुऊन, पुसून, सावलीत सुकवून वर तिळाच्या किंवा खोबरेल तेलाचा हलका हात फिरवावा. फार दिवस कपाटात पडून राहिलेल्या शिंगाला कीडही लागते.

चिनी वैद्यकात म्हशीचे शिंग शीत गुणाचे मानले जाते, आणि १९९३ मध्ये चीनने गेंड्याच्या शिंगाच्या व्यापारावर बंदी घातल्यानंतर औषधांत त्याच्या जागी म्हशीचेच शिंग आले. मात्र पोटात घ्यायच्या औषधाचा गुण पाठीवर फिरवलेल्या पट्टीतूनही मिळतो, हे मानायला आधार नाही. "दुर्मीळ शिंग" किंवा "हरणाचे शिंग" म्हणून कोणी काही विकत असेल तर त्यापासून दूर राहावे. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार सांबर-चितळाच्या शिंगांचा व्यापार बेकायदा आहे, मग ती शिंगे आपोआप गळून पडलेली का असेनात.

६. जेडची पट्टी खरी आहे हे कसे ओळखू? स्वस्त जेड आणि महाग जेड यांत फरक काय?

जेड या नावाने दोन वेगळी खनिजे ओळखली जातात, नेफ्राइट आणि जेडाइट. दोन्ही तंतूंच्या किंवा कणांच्या घट्ट गुंफणीमुळे सहजी फुटत नाहीत. बाजारातील हिरव्या पट्ट्या मात्र बऱ्याचदा सर्पेंटाइनच्या असतात. चीनच्या ल्याओनिंग प्रांतातील श्यूयान येथून येणारा हा दगड तिकडेही जेड म्हणूनच विकला जातो. याशिवाय हिरवे ॲव्हेंच्युरीन, जे मुळात स्फटिकाचे (क्वार्ट्झचे) एक रूप आहे, आणि रंगवलेली काचही याच नावाखाली मिळते.

नेफ्राइटची कठीणता मोहस् मापावर ६ ते ६.५ आणि जेडाइटची ६.५ ते ७ असते, म्हणून चाकूच्या साध्या पात्याने त्यांवर ओरखडा उठत नाही. सर्पेंटाइनवर बहुधा उठतो. काचेत भिंगातून पाहिल्यावर गोल बुडबुडे दिसतात. केवळ "हाताला गार लागते" ही परीक्षा पुरेशी नाही, कारण काचही गार लागते.

हे सगळे सांगून झाल्यावर एक स्पष्ट मत नोंदवावेसे वाटते. सर्पेंटाइनच्या पट्टीची कड उत्तम असेल आणि जेडच्या पट्टीची कड खडबडीत असेल, तर सर्पेंटाइनची पट्टी घ्यावी. फक्त तिला जेडचे मोल देऊ नये.

७. विक्रेते सांगतात की रोझ क्वार्ट्झ (गुलाबी स्फटिक) मन शांत करतो आणि बियान दगडातून लहरी निघतात. त्यात तथ्य आहे का?

प्राचीन चीनमध्ये उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या दगडी साधनांना बियान म्हणत, आणि शानतुंग प्रांतातील एका काळसर दगडाच्या पट्ट्या आज त्या नावाने विकल्या जातात. त्या जड असतात, हाताच्या उबेने किंवा कोमट पाण्याने तापतात आणि ती ऊब काही काळ टिकवतात. आखडलेल्या मानेवर त्यामुळे बरे वाटते, हे खरे आहे. त्यापुढचे दावे, आणि रोझ क्वार्ट्झविषयीचेही, विक्रीसाठी आहेत, असे समजून चालावे.

ग्वाशावर झालेल्या संशोधनात २००७ चा एक छोटा प्राथमिक अभ्यास नेहमी सांगितला जातो. अकरा निरोगी व्यक्तींवर केलेल्या त्या अभ्यासात घासलेल्या जागी त्वचेतील सूक्ष्म रक्तप्रवाह पहिली साडेसात मिनिटे सुमारे चौपट वाढलेला आढळला. त्याचा विषय घासण्याचा परिणाम हा होता, दगडाची जात नव्हे. म्हणून कोणत्याही विशिष्ट द्रव्याच्या जाहिरातीसाठी तो पुरावा म्हणून दाखवला जात असेल, तर सावध व्हावे.

८. चमचा, नाणे किंवा बाटलीचे झाकण खरोखर चालते का?

चालते, आणि आशियात बहुसंख्य लोक तेच वापरत आले आहेत. व्हिएतनाममध्ये नाणे आणि बाम, इंडोनेशियातील केरोकान या अशाच पद्धतीत नाणे आणि तेल, चीनमध्ये नाणे किंवा चिनी मातीचा चमचा, अशी ही घरगुती साधने आहेत. चमच्याची झिलई उडालेली नसावी आणि कडेला टवका नसावा, एवढे पाहिले की झाले. बरणीच्या पत्र्याच्या झाकणाची कड आत वळवलेली आणि गोल असेल तर तेही उत्तम साधन ठरते. शिवाय वापरून फेकता येते, हा त्याचा मोठा गुण आहे.

नाण्यांच्या बाबतीत थोडे थांबून विचार करावा. चौकोनी भोकाची जुनी चिनी नाणी ओतीव, जाड आणि वापराने झिजलेल्या कडेची असत. आपल्याकडील चालू नाणी पातळ असून काहींच्या कडेला रेघा असतात, आणि त्या त्वचेला सोलतात. शिवाय नाणे असंख्य हातांतून फिरलेले असते. आमच्या मते घरात चमचा असताना खिशातले नाणे वापरण्याचे कारण नाही.

९. आमच्याकडे तळपाय घासायची काशाची वाटी आहे. तिनेच ग्वाशा करता येईल का?

महाराष्ट्रात तूप किंवा तेल लावून काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची रीत अनेक घरांत आहे, त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्या रीतीत वाटीचा फुगीर तळ त्वचेवर गोल गोल फिरवला जातो, तर ग्वाशात अरुंद कड एका दिशेने ओढली जाते. दाबाचे स्वरूपच वेगळे असल्याने एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. वाटीच्या तळाने पाठीला हलके मर्दन करायला हरकत नाही. वाटी उलटी धरून तिच्या तोंडाच्या कडेने घासावे असा मोह होतो, पण ती कड बहुतेक वाट्यांत पातळ आणि सपाट कापलेली असते. तुमच्या वाटीचा काठ जाड व पूर्ण गोलवलेला असेल आणि प्रश्न ३ मधील कापसाच्या परीक्षेला उतरत असेल, तरच तो वापरावा. कासे हा तांबे आणि कथिल यांचा मिश्रधातू असल्याने त्वचेवर राखाडी मळ दिसू शकतो. ते "शरीरातले विष" नव्हे.

१०. फिजिओथेरपिस्टकडे असतात तशी स्टीलची साधने घेतली तर अधिक फायदा होईल का?

अमेरिकेत १९९० च्या दशकापासून स्नायू, स्नायुबंध आणि जुन्या व्रणांच्या ऊतींवर काम करण्यासाठी स्टीलची खास साधने वापरात आली. ती ग्वाशाच्या पट्टीसारखीच दिसतात, पण त्यांतील काहींची कड मुद्दाम एका बाजूने तिरकी कापलेली असते आणि ती वापरणाऱ्याला शरीररचनेचे प्रशिक्षण असते. घरगुती वापरासाठी अशी तिरकी कड घेऊ नये. स्टील हवे असेल तर दोन्ही बाजूंनी गोलवलेल्या कडेची, ३०४ किंवा ३१६ प्रतीच्या स्टीलची साधी पट्टी घ्यावी. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी, म्हणजे ज्यांना खोट्या दागिन्यांनी खाज सुटते त्यांनी, धातूऐवजी शिंग किंवा चिनी माती निवडावी.

११. साधनाप्रमाणे तेल बदलावे लागते का?

थोडेफार बदलावे लागते. शिंग, स्टील, दगड आणि चिनी माती यांना तिळाचे किंवा खोबरेल तेल चालते. विंटरग्रीन या वनस्पतीचे तेल किंवा तीव्र वासाचे बाम काही प्लास्टिकना मऊ आणि चिकट करतात, म्हणून प्लास्टिकच्या पट्टीबरोबर साधेच तेल वापरावे. तांब्या-पितळेची साधने वापरानंतर पुसून ठेवावीत, नाहीतर त्यांवर हिरवट गंज धरतो. खडबडीत कड तेल जास्त लावून सावरता येईल, हा समज चुकीचा आहे. तेलाने घर्षण कमी होते, टवका जात नाही.

१२. एकच पट्टी घरातल्या सगळ्यांनी वापरली तर चालेल का? ती कशी स्वच्छ करावी?

चालणार नाही, प्रत्येकाची पट्टी वेगळी असावी. घासताना त्वचा फाटलेली दिसली नाही तरी रक्ताचे सूक्ष्म कण साधनावर येऊ शकतात, आणि हिपॅटायटिस ब चा विषाणू शरीराबाहेर कमीत कमी सात दिवस तग धरू शकतो. स्वतःच्या पट्टीसाठी वापरानंतर लगेच साबण आणि कोमट पाण्याने तेल पूर्ण काढणे, सुकवणे आणि ७० टक्के अल्कोहोलने पुसणे पुरेसे आहे. तेल न काढता अल्कोहोल फिरवण्याचा उपयोग नाही, कारण तेलाच्या थराखालची घाण तशीच राहते.

पार्लरमध्ये किंवा उपचारकाकडे जात असाल तर साधन कसे निर्जंतुक केले, हे न लाजता विचारावे. स्टीलची पट्टी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, १२१ अंश सेल्सिअसला ठेवून निर्जंतुक करता येते. शिंग आणि लाकूड या उष्णतेत खराब होतात. म्हणून अनेकांवर वापरली जाणारी शिंगाची पट्टी आम्हांला मान्य नाही, मग ती कितीही पारंपरिक असो. आपली पट्टी सोबत नेणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

१३. पट्टी पडून कडेचा बारीक टवका उडाला. पॉलिश पेपरने घासून वापरू का?

शिंगाची पट्टी बारीक पॉलिश पेपरने, शक्यतो ओल्या कागदाने, घासून पुन्हा गोल करता येते आणि नंतर तेल लावून वापरता येते. दगड, काच आणि चिनी माती यांच्या बाबतीत हे करू नये. त्यांचा टवका काचेसारखा धारदार असतो आणि त्यापासून आत गेलेली चीर दिसत नसली तरी दाब पडल्यावर तुकडा सुटू शकतो. अशी पट्टी टाकून द्यावी.

१४. लाल ठिपक्यांऐवजी जांभळे, दुखणारे डाग पडले. साधन चुकीचे आहे का?

कदाचित. ग्वाशाचे ठिपके बारीक असतात, दाबले तर फारसे दुखत नाहीत आणि साधारण दोन ते चार दिवसांत, क्वचित आठवड्यात, मावळतात. डाग कडेच्या लांबीइतक्या सरळ रेषांत, ओरखड्यांसारखे असतील तर कड पातळ आहे किंवा पट्टी फार उभी धरली जात आहे. डाग पसरट आणि दुखरे असतील तर दोष बहुधा जोराचा आहे. ठिपके पूर्ण मावळेपर्यंत त्याच जागी पुन्हा घासू नये. आधी कधी नव्हते असे डाग अगदी हलक्या हाताने पडू लागले, तर साधन बदलण्याऐवजी प्रश्न १५ वाचावा.

१५. कोणतेही साधन वापरू नये, अशी परिस्थिती असते का?

असते. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, रक्त गोठण्याचे विकार असणाऱ्यांनी आणि पायाच्या शिरेत गुठळी झालेल्यांनी ग्वाशा करू नये. वॉरफरिन घेणाऱ्यांनी विंटरग्रीनचे तेल किंवा ते असलेले बाम नुसते चोळण्याआधीही डॉक्टरांना विचारावे, कारण त्यातील मिथाइल सॅलिसिलेट त्वचेतून शोषले जाऊन औषधाचा परिणाम वाढवू शकते. जखम, पुरळ, उन्हाने भाजलेली त्वचा, फुगलेल्या शिरा आणि तीळ-मस यांवरून पट्टी फिरवू नये. गरोदरपणात पोट व कंबर वगळावी.

तापाविषयी वेगळे सांगायला हवे. चीनमध्ये ऊन लागल्यावर आणि तापाच्या सुरुवातीला ग्वाशा करण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर येणाऱ्या तापात डेंग्यूची शक्यता असते, आणि डेंग्यूत प्लेटलेट कमी होऊन त्वचेखाली आपोआप ठिपके उमटतात. अशा वेळी ग्वाशाने रक्तस्राव वाढू शकतो आणि आजाराचे ठिपके कोणते व घासण्याचे कोणते, हे डॉक्टरांना ओळखता येत नाही. तापात पट्टी बाजूला ठेवून रक्त तपासावे.

१६. लहान मुलांसाठी कोणते साधन योग्य?

आमच्या मते घरगुती पातळीवर कोणतेही नाही. इंडोनेशियात मुलांसाठी नाण्याऐवजी छोट्या कांद्याची फोड तेलात बुडवून हलकेच चोळतात, आणि त्यामागची सौम्यतेची जाणीव योग्य आहे. परंतु तान्ह्या मुलांना कापराचे बाम अपायकारक ठरते. परदेशात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुलाच्या पाठीवरील अशा खुणा शाळेत किंवा दवाखान्यात दिसल्यास त्या मारहाणीच्या समजल्या जाऊ शकतात; अमेरिकेत आग्नेय आशियातून आलेल्या कुटुंबांच्या बाबतीत असे गैरसमज झालेले आहेत.

१७. शिंगाची पट्टी परदेशी नेता येईल का?

देशानुसार नियम वेगळे आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये प्राण्यांपासून बनलेल्या वस्तू उतरताना जाहीर कराव्या लागतात. त्या न सांगितल्यास दंड होऊ शकतो, आणि पट्टी ठेवू द्यायची की नाही, हे तपासणी अधिकारी ठरवतात. त्या देशांत जाणाऱ्यांनी स्टीलची पट्टी किंवा चिनी मातीचा चमचा न्यावा, आणि स्टीलची पट्टी शक्यतो विमानात सोबत नेण्याच्या पिशवीत न ठेवता चेक-इन सामानात टाकावी.